आधी आईचं नाव

सानिका, ईशान,

परवा फोनवर मी एक बातमी सांगितली आणि तुमचे बाबा बोलायचे थांबले. तुम्ही विचारलंत, "आजी, कोण वारलं?" ते फोनवर सांगून कळलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

एका हाताने माईक झाकायचा, वाकायचं आणि समोरच्या मुलाला विचारायचं, "आईचं नाव काय रं?" ही आमच्या मामांची सवय. ते माझे कोणी नव्हते. सगळ्या गल्लीचेच मामा. उचगावच्या कारखान्यात लेथवर कामाला होते. आमच्या तालीम मंडळाचं दरवर्षी संमेलन होई. कुस्ती, कबड्डी, वक्तृत्व अशी बक्षिसं असत आणि नावं पुकारायची मामांनीच.

मुलगा वडिलांचं नाव सांगू लागला की म्हणत, "बापाचं सगळ्यास्नी ठावं हाय. जिनं भाकरी घातली तिचं सांग की." मग माईकवर गर्जना, "शालनचा पोरगा, बाळू!" खाली बायका तोंडाला पदर लावून हसत. एरवी आम्ही कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी. मी तर कॉलेजात इंग्रजी शिकवणारी मॅडम. आपलं नाव वर्षातून एकदा, तेही कर्ण्यातून ऐकू यायचं. तुमच्या बाबांना वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा "सुमित्राचा पोरगा, अजित!" ऐकून आजोबा मला म्हणाले, "घ्या मॅडम, आता आम्हाला कोण विचारतंय!"

मामी गेल्यावर मामांची स्मरणशक्ती विरत गेली. स्वतःचं दार ओलांडून पुढे चालत जायचे. गेल्या वर्षी संमेलनाआधी मंडळाच्या पोरांत वाद झाला.

"मामांना माईक नको. चुकलं तर लोक हसतील. म्हाताऱ्याची शोभा व्हायची."

"हसू देत की," अध्यक्ष पोरगा म्हणाला. "कोण हसतंय बघतो."

संमेलनाला मामा इस्त्रीचा सदरा घालून दुपारपासूनच येऊन बसले. पहिलं बक्षीस कुस्तीचं. त्यांनी माईक झाकला, मुलाला विचारलं, आणि ऐकलेलं तिथंच विसरले.

"शालनचा पोरगा, बाळू!"

शालन कधीच गेली होती. मामा वाट बघत उभे. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून बाळू उठला. डोकं पांढरं, एका पायानं लंगडत. "आलो, मामा," म्हणत वर चढला आणि मान लववून बक्षिसाची ढाल घेतली. ज्याची ती होती तो मुलगा मुकाट्याने बाजूला सरकला. मग एकेक जुनं नाव येत गेलं, आणि एकेक पिकल्या केसांचा माणूस उठत गेला. पडद्यामागे जाऊन जो तो ढाल खऱ्या विजेत्याला देत होता. कुणीही हसलं नाही.

"सुमित्राचा पोरगा, अजित!"

कुणी उठलं नाही. मामांची नजर मांडवभर फिरली. आवाज एकदम बारीक झाला. "अजित? आला न्हाय व्हय?"

मी उठले. पायऱ्या चढून वर गेले. "मामा, अजित लांब असतो."

"कवा येणार?"

मी त्यांच्या हातातला कललेला माईक सरळ केला.

"बरं, मग तुमीच ठेवा, बाई. आला की द्या."

मीही ढाल परत द्यायला पडद्यामागे गेले. अध्यक्ष म्हणाला, "ऱ्हाऊ दे, आजी. आमी दुसरी करून घेतो."

मामा गेल्या रविवारी गेले. अख्खी गल्ली पंचगंगेवर गेली होती. तुमच्या बाबांना येता आलं नाही.

ती ढाल माझ्या कपाटात आहे. तिच्यावर 'कबड्डी' असं कोरलेलं आहे. तुमचे बाबा जन्मात कबड्डी खेळले नाहीत. तरी ती त्यांचीच आहे.