गजरच्या गाडीला तिसरी जोडी

...तर दिव्यांच्या दुसऱ्या जोडीनेही गजरचं भागलं नाही आणि स्वारी पुन्हा वायरमनच्या दुकानात हजर झाली, इथवर आलो होतो आपण.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, गजर म्हणजे पेपरवाला. बावीस वर्षं मोटरसायकलला वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून पहाटेच्या अंधारात सात गावं करायचा. त्याची गाडी फुरफुरली की माणसं अंथरुणातून उठत, म्हणून गजर. बायकोलासुद्धा माझं खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं, असं तोच हसत सांगायचा.

पण वर्षभर त्याची एकच रड. गाडीचा उजेड पुरत नाही! आधी बल्ब बदलला. मग पुढच्या गार्डवर दोन जादा दिवे चढले. मग ते उतरवून त्यांचे थोरले भाऊ शोभतील असे एलईडी आले, त्यांच्यापायी जाड वायर आली, नवी बॅटरी आली. समोरून येणारे ट्रकवाले शिव्यांची लाखोली वाहायचे. चौकातला चहावाला म्हणाला, "गजरभाऊ, गाडी चालवताय की विमान उतरवताय?" गजर खो खो हसला आणि निघताना त्याच चहावाल्याच्या बाकाला गाडी घासून गेला.

घरी एका संध्याकाळी पायात भरली बादली आली. बायको म्हणाली, "अहो, कोसावरचा टॉवर दिसतो आणि पायातली बादली दिसत नाही?" "घरात उजेड आहे का काही?" म्हणत त्याने दुसऱ्या दिवशी घरातलाही बल्ब बदलला.

वायरमन त्याच्या शाळेतला सोबती, हाडाचा कारागीर. दिवा नुसता कसून तो गिऱ्हाइकाला सोडायचा नाही. तिन्हीसांजेला गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करायची, मालकाला वर बसवायचं, मागे गठ्ठ्यांच्या वजनाची वाळूची पोती ठेवायची. ओझ्याने मागचं चाक दबतं आणि उजेड आभाळाला जातो ना! भिंतीवर खडूची आडवी रेघ. उजेड तिच्या खालीच राहिला पाहिजे, असा नेम.

तिसऱ्या जोडीच्या वेळी त्याने रेघेच्या खाली दोन्ही टोकांना एकेक फुली मारली.

"डावीकडच्या फुलीवर उजेड पडला का रे?"

"छे. तिथे अंधारच आहे."

वायरमन चमकला. भिंतीवरची मुंगी मोजावी एवढा लख्ख उजेड होता. तो जाऊन फुलीपाशी उभा राहिला, हात हलवला.

"आता?"

"आता काय? तू आहेस कुठे?"

वायरमन परत येऊन गाडीभोवती फिरला. समोरच्या मडगार्डवर ओरखडा नाही, दोन्ही बाजू मात्र खरवडलेल्या, पाय ठेवायचे पायटे वाकलेले. त्याने चावी काढली आणि खिशात टाकली.

"डॉक्टरला डोळे दाखव."

"दाखवले. आठ महिने झाले."

"मग?"

"बाबांना होतं तेच. ते नाही का, दिवस कलला की भिंत धरून चालायचे? कडेकडेने विझत येतं. मधलं तेवढं राहिलंय, तेही जाणार."

"आणि तू पहाटे गाडी काढतोस? लेका, कुणाचा तरी जीव घेशील!"

"सातही गावं मला पाठ आहेत."

"गावं पाठ असतील. रस्त्यात आडवं येणारं माणूस पाठ असतं का?"

गजरने हात पुढे केला. "चावी दे. उद्याचे गठ्ठे आहेत."

"नाही देणार. उद्यापासून ते दुसरं कुणीतरी नेईल. मी स्वतः पेपरच्या आगाराला कळवतो."

गजर भांडला नाही. भांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हँडल धरून तो तसाच बसून राहिला, मागे वाळूची पोती, पुढे ती आता अंधारलेली भिंत. वायरमनलाच राहवेना.

"अरे, तुला सगळं ठाऊक होतं! मग आठ महिने माझ्याकडून हे दिवे कशासाठी चढवून घेत होतास?"

गजर म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, करण्यासारखं काही नाही. तुझ्याकडे आलो की तू निदान पाना घेऊन कामाला तरी लागायचास."