पुढच्या दोन चाकांना नमस्कार

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. त्या शनिवारी मात्र तो नाकावरून थेट डोक्यात गेला होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, मला न विचारता भंगारवाल्याला फोन केला होता. रविवारी सकाळी तो येणार आणि आमच्या बाबांची पिकअप घेऊन जाणार, असं ठरवूनही मोकळा झाला होता.

ही पिकअप जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी. बाबांनी ती आमच्या गावी, दिघाशीला आणली ती ओढ्यापलीकडच्या आमच्या माळासाठी. माळावर काकडी फार छान येते, पण वर जायची चढण चिकणमातीची. पावसाळ्यात तिथे बैलसुद्धा घसरतो. बाबा चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर टाकायचे आणि गाडी गुरगुरत वर जायची. मी सासर सोडून कायमची परत आले तेव्हा गाव कुजबुजत होतं. बाबांनी मात्र काहीएक न बोलता किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, चल बस, शिकवतो. चढणीवर मात्र गाडी शेवटपर्यंत तेच घेऊन जायचे. त्या गाडीने मला पुन्हा उभं केलं. ती भंगारात जाणार म्हटल्यावर मी ऐकून घेणार होते की काय!

बाबा गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात माळ पडीकच राहिला, कुणाला मनच नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात मी हट्टाने काकडी लावली. आणि श्रावणात गाडी चढणीवर रुतली. बाबांसारखाच छोटा गिअर टाकला, तरी मागची चाकं चिखल उडवत बसली आणि पुढची ढिम्म. तीनदा असं झालं. तिन्ही वेळा शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलवावा लागला आणि तिन्ही वेळा सगळ्या आळीने करमणूक करून घेतली. बाईच्या हातात गाडी दिली की असंच, हे एकाने म्हटलंही. त्याला मी काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोन गावातल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली एकदा डोकावून बघितलं आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा आतला छोटा गिअरबॉक्स गेला म्हणून सांगून टाकलं. त्याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवी गाडी घ्या. दादा गोदामातल्या ड्युटीवरून दमून येतो, त्याला एवढं निमित्त पुरलं. "बाय, झाली आता ती. बाबांबरोबरच गेली समज," असं म्हणाला. मी ताट तसंच ठेवून उठले.

शनिवारी सकाळी मी गाडी काढली आणि शेलार गाव गाठलं. तिथे बाबांचे जुने मिस्त्री राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. गुडघे गेल्यापासून त्यांनी गॅरेज बंद केलंय, पण दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावर शेरा मारायची सवय काही गेली नाही. मी वळणावर होते तेव्हाच त्यांनी गाडी ओळखली होती म्हणे.

मी सगळा पाढा वाचला. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. छोटा गिअर टाक आणि अंगणात हळूहळू पुढे घे, एवढंच म्हणाले. स्टुलावरून वाकून ते गाडीखाली बघत राहिले. मग मला उतरायला सांगितलं. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा मस्त फिरतोय, म्हणजे छोटा गिअरबॉक्स ठणठणीत आहे, कोनवाल्याला माझा सलाम सांग, असं म्हणून ते खोखो हसले. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. पण मग चाकं का फिरत नाहीत? ताकद चाकांच्या दारापर्यंत येतेय, आत शिरत नाही, ते म्हणाले. आणि त्यांनी एकदम भलतंच विचारलं.

"तुझा बाप चढणीवर जायच्या आधी काय करायचा?"

मी सांगितलं. बाबा गाडीत बसण्याआधी पुढच्या एका चाकापाशी वाकायचे, मधोमध हात लावायचे, मग वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी जायचे. नमस्कार करायचे. मीही करते, एक दिवस चुकवला नाही. हात लावून कपाळाला लावते.

"पुढच्या दोनच चाकांना?"

"हो."

"मागच्यांनी काय पाप केलं होतं, बेटी?"

माळावरून खाली आल्यावरही बाबा तसेच वाकायचे, तेही आठवलं. उतरल्यावर कोण नमस्कार करतं?

चाचांनी मला पुढच्या चाकापाशी बसवलं. मधल्या गोल टोपणाकडे बोट दाखवलं आणि हे फिरव म्हणाले. फिरवायला तिथे होतं काय? पिवळाधमक ऑइल पेंट. तो माझाच पराक्रम. दसऱ्याला गाडी धुऊन चाकं रंगवायची आमची पद्धत आहे. बाबा कडेकडेने रंगवायचे आणि मधला भाग सोडून द्यायचे. मला वाटायचं, कंटाळा करतात. म्हणून ते गेल्यावर आलेल्या दसऱ्याला मी मधलं टोपणही चांगलं दोन-दोन हात देऊन रंगवलं होतं. दादा तेव्हा कौतुकाने म्हणाला होता, बाबांपेक्षा तुझं काम नीट आहे.

ब्लेड, चिंधी आणि रॉकेल घेऊन मी जमिनीवर फतकल मारली. पापुद्रा निघत गेला आणि खाली एक चकती दिसली. तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं, एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. चकती हाताने फिरवून 'लॉक'वर आणली की चाक दांड्याशी जोडलं जातं, नाहीतर ते नुसतं मोकळं धावतं. बाबांनी जायच्या आधीच्या हिवाळ्यात ती मोकळी करून ठेवली असणार. आणि मी तिला रंगाखाली गाडून रोज तिच्या पाया पडत होते! मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही आलं. चाचांनी दुसरीकडे बघितलं.

उजवी चकती लगेच फिरली. डावी अडून बसली. तिच्यावर डिझेल सोडलं, हलक्या हाताने ठोकलं, तिला चार शिव्या घातल्या. दुपारची अजान झाली, चाचा आत जाऊन आले, तेव्हा कुठे ती 'कट' करून जागेवर बसली. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. निघताना मी पाकीट काढलं तर चाचांनी डोळे वटारले. माळावरच्या काकड्या आण म्हणाले.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. मी त्याला म्हटलं, भाऊ, दहा मिनिटं चहा घ्या. मागे शेणखत भरलं होतं, वरून पाऊस चालूच होता. गाडी ओढ्यापलीकडे नेली आणि चढणीच्या पायथ्याशी उतरून दोन्ही चकत्या फिरवल्या. मागून दादा आला होता, आई आली होती, आळीतले ते करमणूकवालेही होते. मी चाकांना नमस्कार करतेय असं वाटून एक जण हसलाच. हस बाबा.

छोटा गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं सरकली, आणि त्याच क्षणी पुढच्यांनी माती धरली. स्टिअरिंगमधून ती ओढ थेट माझ्या खांद्यापर्यंत आली. गाडी गुरगुरत, न थांबता, न घसरता, खतासकट वर! माळावर पोचून मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. एवढा आनंद मला शाळा पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

काकड्या भरून खाली आले तेव्हा दादा पायथ्याशी भिजत उभा होता. चहा संपवून मागोमाग आलेल्या भंगारवाल्याने विचारलं, काय शेठ, गाडी बांधून न्यायला दोरी काढू का? दादाने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"न्हाय द्यायची," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "बाय, मलापन दाखव ते."

मी त्याला पुढच्या चाकापाशी वाकायला लावलं आणि चकती मोकळी करायला शिकवली, आधी एक, मग वळसा घालून दुसरी. लांबून आईने त्याला तसं वाकलेलं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

सगळे पांगल्यावर मी गाडीच्या मागे गेले. मागच्या दोन्ही चाकांना हात लावला आणि कपाळाला लावला. बाबा गेल्यापासून त्या दोघांनीच ओढलं होतं.