गंगाखेडची राहिलेली बुडी

निघायच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून काडेपेटीतली काडी उजव्या कानात फिरवत होतो. काही दिवस कान खाजत होता. काडी फिरवली की बरं वाटे. त्या सकाळी मात्र डोळ्यांत पाणी आलं. तरी जायचंच होतं. नात तापातून उठली तर गंगाखेडला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, डोक्यासकट बुडी मारीन अन् नारळ फोडीन, असा नवस बोललो होतो, आणि पोरगी आता अंगणात धावत होती.

देवगाव फाट्यावर परभणीची एस.टी. मिळाली. खिडकीची जागा धरा, दुतर्फा फुटलेला कापूस दिसतो. मला मात्र ठणका सोसवेना. दाणे चावले तरी कळ येई.

"आवो, तुमाला अर्धंच ऐकू यायलंय," आमची मंडळी म्हणाली. "आधी दवाखाना, मग गंगा."

परभणीत स्टँडजवळच्या डॉक्टरीणबाईंनी कानाची पाळी जराशी ओढली. मी ओरडलोच.

"म्हणजे बाहेरच्या नळीला सूज आहे." त्यांनी बॅटरीनं आत पाहिलं. "पडदा शाबूत आहे. काका, कानात काय घालत होता?"

"काडी. अन् लसणाचं गरम तेल."

"फोडणीच दिली की!"

त्यांनी थेंब दिले. कुशीवर पडून घालायचे, थोडा वेळ तसंच पडून राहायचं. बरं होईस्तोवर कानात पाणी, काडी, तेल काही नको. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा. ताप आला किंवा कानामागं सुजलं तर लगेच परत यायचं. साखरेचा आजार असलेल्यानं तर अंगावर काढूच नये.

"अन् बुडी?"

"बुडी नाही."

परभणीहून गंगाखेडला रेल्वे सोयीची. घाटाजवळ गरम पिठलं-भाकरी मिळते. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. धोतर पिळणारे एक गृहस्थ म्हणाले, "पाव्हणं, गंगेला आलाव अन् डोकं कोरडं? पाण्याला भेता व्हय?"

पायरीवरून मंडळी म्हणाली, "तुमचा कान द्या उसना, मग मारतेत बुडी!"

तेही हसले, मीही. तांब्यानं खांद्यावरून पाणी घेतलं. बुडीच राहिली, म्हणून नवसाचा नारळ फोडायला मात्र हात धजेना. तो पिशवीतून तसाच परत आणला.

घरी थेंब चुकवले नाहीत. ठणका आधी गेला, दडा उशिरा सुटला. आता कान टॉवेलच्या टोकानं बाहेरूनच पुसतो. मनात एकच राहिलं होतं: नवस फिटला म्हणायचा, का बुडीसाठी पुन्हा जावं?

एका सकाळी डाव्या कुशीवर पडलो होतो. अंगणातून नातीची हाक उजव्या कानात स्वच्छ आली, "आजोबा, उठा की!"

जिच्यासाठी नवस बोललो ती हाका मारतेय, म्हणजे नवस फिटलाच, असं मनाशी म्हटलं. उठलो, अंघोळ केली आणि देवापुढं तो नारळ फोडला.