ऑलिंपिया आणि सात कागदी माणसं

ऑलिंपिया रोसाबाल जाऊन सहा वर्षं झाली, तरी तंबाखूचं पान उलगडायला घेतलं की तिचा आवाज माझ्या कानात सुरू होतो. मी बसायची जागा बदलून पाहिली, कानांत कापूस घालून पाहिला. आवाज थांबत नाही. आणि तो नेहमी एकाच पुस्तकातलं वाचतो.

काइबारिएन या आमच्या बंदराच्या गावातल्या सिगार कारखान्यात ती सव्वीस वर्षं वाचणारी होती. आम्ही शंभर जण खाली बसून सिगार वळायचो आणि ती उंच चौथऱ्यावरून सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी वाचायची. कादंबरी कुठली, ते आम्ही मतं टाकून ठरवायचो. वाचन आवडलं तर पान कापायचं पातं सगळे फळीवर आपटायचे, नाही आवडलं तर जमिनीवर टाकायचे. पातं खाली पडलं की ऑलिंपियाचे कान लाल व्हायचे. बाई मानी होती. शेवटची बारा वर्षं मात्र तिनं छापलेल्या शब्दापलीकडे एक अक्षर तोंडातून काढलं नाही, आणि त्याला कारण मी आहे.

अठ्ठ्याण्णव साली तीन मतांच्या फरकानं एक जुनी, नावाजलेली विज्ञान कादंबरी निवडून आली. विझत चाललेला एक सूर्य मोजायला सात माणसं यानातून निघतात. सूर्याचं वर्णन असं, की अंगावर काटा यावा. पण माणसं? कॅप्टन, डॉक्टर, मेकॅनिक, असे नुसते हुद्दे.

चौथ्या दिवशी मी पातं खाली टाकलं. "ऑलिंपिया, ही माणसं आहेत की खुर्च्या? सात जणांत मिळून एकालाही आई नाही!"

"एवेलिओ, लेखकाला सूर्याबद्दल बोलायचंय, तुझ्या सासूबद्दल नाही," ती वरून म्हणाली. सगळे हसले.

"सासू घाल त्यात, पुस्तक सुधारेल! कागदाच्या माणसांचं काय का होईना, मला काय त्याचं?"

माझ्या शेजारी बसणारी सेनाइदा सहसा बोलत नसे. चार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा युनिएल ट्रकच्या ट्यूबा बांधून केलेल्या तराफ्यावरून समुद्र ओलांडून उत्तरेच्या देशात पळून जायला निघाला होता. तो पोचल्याचंही कळलं नाही आणि बुडाल्याचंही. ती म्हणाली, "राहू दे की तसेच. चेहरे दिलेले नाहीत म्हणून तर मला हवा तो लावता येतो."

मी ऐकलं नाही. वाद जिंकल्याशिवाय मला घास गिळवत नाही. रोज टोमणे मारत राहिलो. माझं बघून आणखी दहा-बारा पाती खाली पडू लागली.

सोमवारी मेकॅनिक अचानक जिवंत झाला. तो संत्र्याची साल कुठेही न तोडता सोलू लागला, दातांच्या फटीतून शीळ घालू लागला, आईला लाडानं 'म्हातारे' म्हणू लागला. फळ्यांवर पाती कडाडली. हे पुस्तकात नाही, ऑलिंपिया पदरचं घालतेय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण तक्रार कोण करणार? मी तर हवेत होतो.

फक्त सेनाइदाचे हात मंदावले. तिची सिगार सैल येऊ लागली, तपासनीस ती परत पाठवू लागला.

"ही माझ्या पोराची शीळ आहे," ती मला हळूच म्हणाली.

"अगं, गावातली निम्मी पोरं अशीच शीळ घालतात," मी म्हणालो.

गुरुवारी ऑलिंपियानं मेकॅनिकच्या निघण्याचा प्रसंग घातला. किनाऱ्यावर भेटलेल्या एका बाईला तो म्हणतो, "माझ्या म्हातारीला सांगा, सायकलची किल्ली नेच्याच्या कुंडीखाली ठेवलीय." माणूस चाललाय सूर्याकडे आणि जीव अडकलाय सायकलीत! आम्ही खो खो हसलो, पाती आपटली.

सेनाइदा उभी राहिली. "ती किल्ली मला आठ महिन्यांनी सापडली. कुंडी बदलताना. मी कुणापाशी बोलले नाही. तुला कुणी सांगितलं, ऑलिंपिया?"

ऑलिंपियानं पुस्तक मिटलं.

"त्यानंच. मी पहाटे खेकडे धरायला गेले होते. म्हणाला, मावशी, दोन दिवस कुणाला बोलू नका, नाहीतर मला परत आणतील. मग म्हातारीला किल्लीचं सांगा. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. त्यानंतर तुझ्यासमोर यायला मला तोंडच राहिलं नाही."

"दोन दिवस," सेनाइदा म्हणाली. "माझ्या भावाची होडी तो गेला त्या दिवशी धक्क्यालाच होती."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. माणसांत जीव घाल म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो, आणि घालायला तिच्यापाशी तोच एक जीव होता.

"उघड पुस्तक," सेनाइदा म्हणाली. "मेकॅनिकचं काय होतं ते वाच. छापलंय तेवढंच. तुझं काही नको."

ऑलिंपियानं पुस्तक उघडून पानं चाळली. जागा सापडली तशी ती वाचू लागली. "'चौथ्या दिवशी मेकॅनिक आपल्या जागी नव्हता. उरलेल्या सहा जणांनी त्याचं काम वाटून घेतलं.'"

असल्याच वाक्यांना मी नावं ठेवत होतो. लेखकाला माणसं जमत नाहीत, असं छातीठोकपणे सांगत होतो. त्या दुपारी ते वाक्य ऐकून मला मान वर करवेना. आजही तेच वाक्य कानात वाजतं.

"पुढे?" सेनाइदानं विचारलं.

"पुढे त्याचा उल्लेख येत नाही."

सेनाइदा म्हणाली, "चार वर्षं तू मला रोज काही ना काही वाचून दाखवलंस, ऑलिंपिया. त्यानं माझ्यासाठी ठेवलेलं ते एक वाक्य सोडून."