वहिनींनी उकरलेलं वारूळ

यंदाचा ज्येष्ठ संपत आला होता. पुतण्याचा वणीहून फोन आला. “काका, आई गेली,” तो म्हणाला. मग सांगितलं, सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच मान टेकली. त्रास काही झाला नाही. मी मुकुटबनहून पोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. त्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण होते, तेही आता म्हातारे झालेले. कुणी त्यांना बाई म्हणत होतं, कुणी आजी. ‘वहिनी’ म्हणणारा मी एकटाच उरलो होतो.

सुमतीवहिनी छप्पन साली आमच्या घरात आल्या. माहेर वणीचं, वडील कचेरीत कारकून. नागपूरला राहून त्या इंटर सायन्स झालेल्या. दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नोकरी वणीलाच होती, पण तिथे बिऱ्हाडाला जागा मिळेना. म्हणून पहिली काही वर्षं वहिनी मुकुटबनला आमच्यातच राहिल्या आणि दादा शनिवारी यायचा. एवढं शिकलेली सून आमच्या गावानं तोवर पाहिली नव्हती. ती घरात टिकेल की नाही, याची माझ्या मायला फार काळजी.

आल्यावर आठ-दहा दिवसांतलीच गोष्ट. परसातल्या निंबाखाली वहिनी कपडे वाळत घालत होत्या आणि त्यांचा पाय लाल मुंग्यांच्या भोकावर पडला. या मुंग्या दिसायला बारीक, पण चावल्या की निखारा ठेवल्यासारखी आग होते. माय ओरडली, मी पाण्याची बादली घेऊन धावलो. वहिनींनी बाकीच्या मुंग्या झटकल्या, पण घोट्यावरची एक तशीच राहू दिली आणि वाकून बघत बसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, बघा. तोंडानं नुसतं धरून ठेवते. डंख मारते ती मागच्या टोकानं. एका जागी धरून गोल फिरते आणि चार-चारदा मारते.” दुसऱ्या दिवशी पायावर पांढऱ्या फोडांचं छोटं कडं उठलं होतं. ते त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. माय कपाळावर हात मारून म्हणाली, “हे पोरगी येडी हाय का शायनी, मले काई समजून नाही राह्यलं.”

पुढे घराला सवय झाली. दुपारी कामं आटोपली की वहिनी ओसरीच्या कडेला गुळाचा खडा ठेवायच्या आणि एक मुंगी तिथे येऊन परत गेली की किती वेळानं रांग लागते ते वहीत टिपायच्या. एकदा त्यांनी मला ओल्या बोटानं ती वाट पुसायला लावली. चांगली चाललेली रांग तिथेच थबकली, मुंग्या इकडे तिकडे भरकटल्या. “पहिली मुंगी जाताना जमिनीला वास लावत जाते,” वहिनी म्हणाल्या. “बाकीच्या त्या वासावर येतात.” मी मॅट्रिक झालेलो, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेलो. आयुष्यभर मुंग्या तुडवत आलो होतो, पण पाहिल्या त्या दिवशी.

एकोणसाठ साली बाबांनी शेती माझ्या हाती दिली. मी तेवीस वर्षांचा, अंगात मालकी नुकतीच चढलेली. नाल्याकडच्या वावरात तीळ पेरायचा होता. तिफणीमागे चालत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायला बाबांच्या काळापासून तांड्यावरची गोमलीबाई यायची. चाड्यावरची मूठ म्हणजे पेरणीचा जीव. हात सारखा सुटला नाही तर पीक कुठे दाट, कुठे विरळ. त्यातून तीळ फार बारीक, वाळूत कालवून सोडावा लागतो. गोमलीबाईच्या मुठीला आसपासच्या गावांतून बोलावणं असायचं. त्या वर्षी पेरणी झाली आणि पावसानं जी उघडीप दिली, ती चांगली दहा-बारा दिवस. मग पाऊस आला, तीळ उगवला, पण निम्मंच वावर हिरवं झालं. मधे मधे नुसती काळी माती.

निंदणाला, तण काढायला, तांड्यावरच्या बाया आल्या, त्यांच्यात गोमलीबाईही होती. सगळ्यांच्या देखत मी तिला विचारलं, “तीळ वावरात पडला का तुया ओढणीत?” हे शब्द आजही जसेच्या तसे आठवतात... ती माझ्या मायच्या वयाची. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, माझ्यासमोर ती झटकली. सुपारीचं एक खांड तेवढं खाली पडलं. “पाह्य भाऊ, नीट पाह्य,” म्हणाली आणि धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या बायाही गेल्या. दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली आणि गोमलीबाईला दुसऱ्या वावरातून आलेलं बोलावणंही रद्द झालं. जिची मूठ चोर, तिला पेरणीला कोण बोलावणार?

वहिनींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, “मला वावर दाखवा.” मायनं काहीबाही म्हटलं, पण त्या निघाल्याच. वावरात पोचल्यावर बराच वेळ नुसत्या फिरल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, “मूठ आखडली असती तर रिकामं काय राहिलं असतं?”

“तास. लांबच्या लांब ओळीच्या ओळी,” मी म्हणालो.

“आणि इथं काय आहे?”

मी पाहिलं. रिकाम्या जागा गोल होत्या. तासांना मधेच तोडून गेलेले गोल, आणि प्रत्येकाच्या मधोमध भुरभुरीत मातीचा छोटा ढीग. वहिनींनी माझ्या हातातलं पावडं घेतलं आणि त्या ढिगावर घातलं. लाल मुंग्या उसळल्या, दांड्यावरून त्यांच्या हातावर चढल्या. मी ओरडलो, पण त्यांनी पावडं सोडलं नाही. हातभर खाली गेल्यावर मातीत लहान लहान पोकळ्या लागल्या आणि त्यांत तीळ... माझा तीळ, गच्च भरून ठेवलेला. वहिनींनी तो माझ्या उपरण्यावर पसरला. त्यात काही मुंग्यांची डोकी अंगाच्या मानानं फारच मोठी होती. “या दाणे फोडणाऱ्या,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या वाहून आणतात, या चघळून भरडतात. बी कोरड्या मातीत इतके दिवस पडलं, यांना सोन्याची रास सापडली.” त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही चला तांड्यावर. तुम्ही तिला समजावून सांगा.”

“मुंग्यांचं मी दाखवलं,” त्या म्हणाल्या. “माफी तुमची तुम्ही मागा.”

मी तसाच तांड्यावर गेलो. गोमलीबाई दारात बसून गोधडीला टाके घालत होती. मी उपरणं उघडून सगळं सांगितलं, वारूळ, गोल, मोठ्या डोक्याच्या मुंग्या. तिनं ऐकून घेतलं. मग सुई तशीच धरून म्हणाली, “मी सांगतलं असतं त तुले पटलं असतं का? मुंगीनं सांगतलं तवा खरं. माणसाले त तू इचारलंच नाही.” पुढचा टाका घालून म्हणाली, “बोलला चार लोकायसमोर. आता शब्द मांगं बी चार लोकायसमोरच घे.”

दुसऱ्या दिवशी त्याच वावरात, त्याच बायांसमोर आणि गावातल्या चार शेतकऱ्यांसमोर मी हात जोडले आणि माझा शब्द मागे घेतला. रिकाम्या जागी पुन्हा तीळ टाकायचा होता. गोमलीबाई पुढे आली, चाड्यावर मूठ धरली आणि बैल हलले. धुऱ्यावर वहिनी उभ्या होत्या, दोन्ही हातांना हळदीचा लेप लावलेला, अंगात ताप. घरी चला म्हटलं तर हलेनात. गोमलीबाईचं पहिलं तास संपलं तेव्हाच त्या वळल्या. पुढे गोमलीबाईनं आमच्या घरची पेरणी हात चालेपर्यंत केली. तिच्या तोंडून तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बासष्टला दादाला वणीत घर मिळालं. वहिनी तिकडे गेल्या, शिक्षण पुरं करून शाळेत शास्त्र शिकवायला लागल्या. त्यांनी मला शेती शिकवली असं मी म्हणणार नाही, ती बाबांनी शिकवली. पण एका बाईची इज्जत माझ्या हातून कायमची गेली असती आणि मला ते कळलंही नसतं. मी तसाच, आपण बरोबर होतो या खात्रीत, म्हातारा झालो असतो. त्यातून वहिनींनी मला ओढून काढलं. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही. घरातल्या माणसांना आपण असं कुठे म्हणतो...

दर वर्षी पेरणी झाली की आठ-दहा दिवसांनी त्यांचं कार्ड यायचं, पुढच्या काळात फोन. प्रश्न दोनच. उगवण कशी आहे, आणि कुणावर ओरडलात का? मी हसायचो, त्याही हसायच्या, आणि मग घरच्यांची चौकशी. यंदा आषाढ लागता लागता पेरणी आटोपली. दहावा दिवस उजाडला तसा मी सकाळपासून फोनजवळच घुटमळत होतो. सून म्हणाली, “मामंजी, कोनाची वाट पाहून राह्यले?” मी काठी घेतली आणि वावरात गेलो. सगळ्या तासांमधून हळूहळू फिरलो, दोनदा बसलो. मग धुऱ्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “उगवण बरी आहे, वहिनी. अन् कोनावर ओरडलो नाही.”