चिवळ आणि ऑफिस टाइम

आमच्या अमरावतीच्या घरामागे नळाजवळ एकच वाफा आहे, दोन पलंगांएवढा. बाकी सगळी फरशी. त्या वाफ्यात मी दोन वर्षांपासून ऑफिस टाइम लावला होता. दहाच्या सुमारास उघडणारी आणि दुपार उलटली की मिटणारी ती फुलं, म्हणून हे नाव. राणी, पिवळी, पांढरी. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण ही फुलं काही अभ्यासासाठी लावली नव्हती. छान दिसतात म्हणून लावली होती. संक्रांतीनंतर माझी माय राहायला आली आणि त्या वाफ्यावरून आमचं वाजलं.

माय धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यात एकटी राहायची. एक दिवस स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, शेजारणीचा फोन आला, आणि मी जाऊन तिला घेऊनच आले. अंगावर नुसती हाडं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्नच नाही. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "पेरणीच्या आंधी मले घरी नेऊन सोडजो."

"आधी आंग धर, मंग नेते," मी म्हटलं. असं आमचं ठरलं.

पण ती जेवेच ना. वांग्याची भाजी केली, दोन घास खाऊन ताट सरकवलं. पातोड्या केल्या, तेच. "भूक नाही" एवढंच उत्तर. मी चिडायचे, नवरा मला गप्प करायचा. एप्रिलात एकदा बाजारात चिवळीची, वावरातल्या त्या आंबटसर पालेभाजीची, जुडी दिसली म्हणून आणली. मायने ती मांडीवर घेतली, काडी न् काडी स्वतः निवडली, मी तांदळाची कणी घालून भाजी केली, आणि त्या दिवशी ती दीड भाकर जेवली. जेवून वर म्हणते, "नालीच्या पाण्याची हाय. वावरातली अशी लागत नाही."

मग काय करणार. अर्धा वाफा रिकामा केला. राणी रंगाची चांगली फुललेली रोपं मी माझ्या हाताने उपटली, आणि मला वाईट वाटलं हे मी लपवणार नाही. गावाकडच्या शेजारणीने मुळासकट चिवळ पाठवली, ती तिथे लावली.

आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ह्या दोघी सख्ख्या चुलत बहिणी आहेत, एकाच कुळातल्या. दोघींची पानं मांसल, दोघी जमिनीवर पसरतात, दोघींच्या बोंडाला डबीसारखं झाकण असतं आणि ते उडालं की आत काळं बारीक बी. चिवळीलाही फूल येतं, पिवळं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, तेही उन्हातच उघडतं. एक ताटात जाते आणि दुसरी नुसती पाहायची, असं का झालं असेल? चाखून पाहिलं. ऑफिस टाइमचं पान बुळबुळीत, वर कडसर. थुंकून टाकलं. चिवळीला मात्र आंबटसर, खारट अशी चव. उन्हाळ्यात घामोळ्यांवर माय आम्हाला हीच चोळायची, तिचा गारवा अजून पाठीला आठवतो.

मी एक वही केली. कोण किती वाजता उघडतं, किती फुलं, कुठल्या रंगाची. सकाळी मला स्वयंपाक असे, म्हणून फुलांची पाहणी मायकडे दिली. ती वाफ्याच्या कडेला पाटावर बसे, बाजूला रेडिओ. मी खिडकीतून विचारायचे आणि लिहायचे.

"उघडले का वं?"

"आत्ताच उघडून राहिले. साडेनऊ झाले."

"किती?"

"राणी आठ. पिवळे सहा. पांढरे दोन."

बोलता बोलता तिचा हात चिवळीत चालू असायचा. जन्मभर कपाशी निंदलेली बाई, वाफ्याजवळ बसली की हात थांबत नाही. निंदताना बायका खायचं तण फेकत नाहीत, पदराच्या ओटीत टाकतात. मायच्या ओटीत रोज भाजीपुरती चिवळ असे, आणि त्यात गवताची एक काडी सापडायची नाही. मे उजाडेपर्यंत ती थोडी भरली. गालावर जरा मांस आलं. पण चिवळ नसेल त्या दिवशी पुन्हा दोनच घास, हे कोडं काही सुटेना.

एक भांडण मात्र रोजचं. माय कपडे खळबळलेलं पाणी वाफ्यात ओतायची. चिवळ त्यावर माजली. ऑफिस टाइमला इतकं पाणी सोसत नाही, मुळं सडतात. मी सांगून दमले, ती ऐकेल तर शपथ.

मेच्या मध्यावर मी दोन दिवस अकोल्याला नणंदेकडे गेले. परत आले त्या सकाळी मागच्या दारात उभी राहिले. चिवळीलगतची सगळी पिवळी रोपं सडून आडवी झाली होती. पिवळं एक फूल नव्हतं. माय पाटावर बसलेली, तोंड वाफ्याकडेच. माझ्या आवाजाने म्हणाली, "आली का? लिही. साडेनऊले उघडले. राणी सात. पिवळे सहा."

आधी मला राग आला. वाटलं, पाणी ओतून मारली आणि आता सारवासारव करते. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात तिचा हात दिसला. चिवळीची काडी चिमटीत धरायची, पान अंगठ्याने चाचपायचं, मग खुडायची. डोळे भलतीकडेच. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. ती भिंतीला हात लावून न्हाणीघरात जाते ते. ताटात वांगं कुठलं आणि मिरची कुठली हे तिला दिसत नसणार, आणि जावयासमोर ताटात चाचपडणार तरी कशी? स्वतः निवडलेल्या भाजीचं तिला भय नव्हतं. मायला दिसत नव्हतं. माझ्या घरात चार महिने राहून, रोज तिला फुलं मोजायला सांगून, मला ते कळलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

का लपवलं असेल, हे विचारायची गरज नव्हती. आंधळ्या बाईला खेड्यात एकटं कोण सोडतं?

मी वही उघडली आणि लिहिलं, पिवळे सहा.

त्यानंतर पंधरा दिवस मी ती नसलेली पिवळी फुलं लिहीत होते. कधी सहा, कधी पाच. अकोल्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी डोळ्यांची डॉक्टर आहे. मायला म्हटलं, "माझे डोळे दाखवायचे आहेत, तू सोबतीला चाल." आली बिचारी. तिथे डॉक्टर म्हणाली, आजी, आल्याच आहात तर तुमचेही पाहते. मोतीबिंदू, दोन्हीकडे, पार पिकलेला. माय माझ्याकडे तोंड करून फक्त म्हणाली, "तुह्ये डोये तर बरे हायेत न?"

एका डोळ्याचं ऑपरेशन तिथेच झालं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ती पाटावर बसली. मी मुद्दाम खिडकीत आले नाही, दारातच उभी राहिले. फुलं उघडली तशी ती पुढे वाकली.

"बापा, इतके भडक असतात हे?" मग चिवळीची एक काडी डोळ्यांजवळ नेली. "आन् हिले फूल येते. जन्म गेला उपटण्यात, कधी पाह्यलं नाही." मग सावकाश बोट दाखवत मोजायला लागली. राणी नऊ. पांढरे तीन. बोट वाफ्यावरून दोनदा फिरलं.

"पिवळे कुठी गेले?"

"सडले. तू पाणी ओतलं न."

"कवा?"

"मी नणंदेकडे गेली होती तवा."

ती म्हणाली, "वही आन."

मी आणली. तिला वाचता येत नाही. पानावर हात ठेवून तिने विचारलं, ऑपरेशनच्या आधी पिवळ्याचं काय लिहिलं. मी सांगितलं, सहा. एकदा पाच. पुन्हा सहा.

"वेळ तर माही बराबर असे," ती म्हणाली. "फूल उघडलं की माशा येतात. त्यायचा आवाज ऐकून सांगो, वाजले किती ते रेडिओवरून."

"मले माहीत नव्हतं."

"मी खोटं सांगितलं, तू खोटं लिहिलं. फिट्टमफाट झाली." तिने वही मिटली आणि काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "आता तरी सोडतं का घरी?"

दुसरा डोळा राहिला आहे, चूल आहे, विहीर आहे, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिने आंग धरलं होतं, आणि शब्द मी दिला होता.

"सोडते," मी म्हटलं आणि तिचं गाठोडं बांधायला आत गेले.