उलटा हत्ती

आमची धाकटी घरात दिवसभर बडबडायची, पण शाळेत तोंड उघडत नसे. "दिवाळीपर्यंत नाही बोलली तर नाव काढून टाकू," असं हे म्हणाले होते. म्हणून एक दिवस मीच सौसरच्या तिच्या हिंदी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मोहगावहून चार दिवसांसाठी आलेली एक बाई शिकवत होती. तिनं चित्रांचं पुस्तक उघडलं, खालच्या हिंदी ओळी तळहातानं झाकल्या आणि पुस्तक चक्क उलटं धरलं.

"सांगा रे, हत्ती काय करून राहिला?"

पोरं खिदळली. बाईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आमची मात्र कळवळून उभी राहिली.

"बाई, पडून राहिला ना तो! सरळ करा ना त्याले!"

शाळेतलं तिचं पहिलं बोलणं, सांगते! बाईनं शाबासकीबिबासकी काही दिली नाही. पोरीला पुढं बोलावून पुस्तक तिच्या हाती दिलं.

"तूच उठव माय त्याले. मंग कुठं चालला, तेही सांग आम्हाले."

आणि स्वतः जाऊन पोरीच्या जागेवर, टाटपट्टीवर मांडी घालून ऐकायला बसली. पुढं किती मास्तर पाहिले, पण आपली जागा अशी लेकराला देऊन टाकणारी तेवढी एकच.